खरड छाटणी

मी वजन कमी करायला आले होते.
खैरनार सर म्हणाले, वजन कमी करायचं नाही.
मी बघतच राहिले.
म्हणाले, अंगावरचं कर. हातातलं नाही.

म्हसरूळच्या पुढे, टायरच्या दुकानामागे
पत्र्याची शेड. जानेवारी.
निफाडकडून आलेला गारठा रात्रभर दांडीत मुरलेला,
पहाटे साडेपाचला धरली की
तळहात आधी नाही म्हणतो.
दोन्ही टोकांना वीसची एकेक तबकडी, मग दहाची एकेक.
दांडी धरून ऐंशी किलो.
मी स्वतः एकाहत्तर. दिवाळीत अठ्ठ्याहत्तर होते.

दिवसभर पॅकहाउसमध्ये द्राक्षांची साखर मोजते.
मणी चिरडायचा, थेंब काचेवर, नळी उजेडाकडे,
एक डोळा मिटून निळ्या-पांढऱ्याची शीव बघायची:
सतरा. साडेसतरा. अठरा.
लिहायचं. पुसायचं. पुढचा प्लॉट.
एवढी साखर बोटांवरून जाते रोज,
आणि डब्यात चार उकडलेली अंडी,
एक भाकरी, तेल दाखवलेली मेथी.
सिंधूताई डब्यात डोकावते.
"कुणी काही बोललं का गं घरात?"
कुणी काही बोललं नव्हतं.
तेच सांगायला अवघड जातं.

सर म्हणतात, उपास पडला की शरीर घर आवरायला काढतं.
जे वापरात नाही ते आधी मोडीत घालतं.
मांडी वापरली नाहीस तर मांडी जाईल,
चरबी बसेल तशीच माळ्यावर.
म्हणून त्याला दाखवत राहायचं:
हे लागतं. हेही लागतं. याला हात लावू नकोस.
पाच वेळा. मग बस. मग पुन्हा पाच.

संक्रांतीला शेजारपाजारचे अकरा लाडू जमले.
सगळे नवऱ्याच्या हातावर ठेवले, म्हटलं, वर्षभर पुरेल एवढं गोड बोल.
रविवारी तो मिसळ खातो, मी समोर बसते,
त्याच्या रश्श्यात लिंबू पिळून देते
आणि स्वतःला नुसतं दही मागवते.
वेटर हळूच विचारतो, ताई, बरं नाही का?

आठव्या आठवड्यात दांडी उठली नाही.
तीच ऐंशी. सोमवारी पाचदा उठलेली.
नडगीपर्यंत आली, जरा विचार केला, खाली गेली.
मला रडू आलं. ते भुकेचं होतं,
हे मला कळत होतं, तरी आलं.
मी दहाची तबकडी काढायला वाकले.
"राहू दे ती, गांगुर्डे," सर म्हणाले.
"पाच नको, दोन कर. पण हीच."

दादांच्या बागेत एप्रिलात खरड छाटणी व्हायची.
हिरवीगार वेल, कसला रोग नाही की राई नाही,
ओलांड्यापर्यंत कापून टाकायचे.
मी लहान. वाटायचं, दादा चुकले.
उरायचे लोखंडी अँगल आणि बोटभर खुंट.
आणि त्याच दिवशी दादा तारा ओढून घट्ट करायचे.
वेल गेली, आता तारा कशाला, मी विचारायचे.
ते सांगायचे नाहीत.
पाना फिरवत राहायचे.

दोन केल्या.
दुसरीला पत्र्याच्या भोकातून आलेला उजेड
एकाचे तीन झाला.

त्याच दिवशी कामावर कूलरचा जार संपला.
वीस लिटर. त्यासाठी लोडिंगच्या पोराला हाक मारायची पद्धत आहे.
मी पोटात श्वास भरला, कंबर ताठ ठेवली,
आणि बसवला.
थोडं पाणी सांडलं. ते पायाने पुसलं.
सिंधूताई फोनवर होती.

शेवटचा नमुना दिंडोरीचा. अठरा पूर्णांक दोन.
काच पुसली. अंगठ्याला रस राहिला होता,
तो चाटला.

रात्री वहीत सगळं लिहिते मी:
अंडी, भाकरी, चहातली अर्धा चमचा साखर.
हे लिहिलं नाही.